आजीची विळी



आज मी तुमच्याशी शाळेतल्या एका विषयासंबंधी बोलणार आहे. विषयाचे नाव आहे प्रॉडक्ट डिझाइन. नाव ऐकून रेडिओचा कान पिरगाळू नका! विद्वान मंडळी त्याला अभिकल्प म्हणतात. आपण साधेपणाने ‘वस्तूची घडण’ म्हणू. वस्तू कोणासाठी करायची, त्या माणसाची अडचण काय, ती कशाची करायची, केवढी करायची, आणि केल्यावर ती खरोखर उपयोगी पडली की नाही, या सगळ्याचा विचार म्हणजे वस्तूची घडण. इंग्लंडात हा विषय शाळेच्या अगदी शेवटच्या वर्षी, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाच्या मुलांना, परीक्षेसाठी घेता येतो. तिथे तो कसा शिकवतात ते मी सांगणार आहे. परंतु त्याआधी मला एक चूक कबूल केली पाहिजे. चूक माझीच आहे.

मी तीस-एक वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. एके वर्षी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होते आणि परीक्षक म्हणून मीच फिरत होतो. दहावीतल्या एका मुलीने एक लांबट फळी आणून ठेवली होती. फळीला चार बुटके पाय आणि एका टोकाला नेहमीची घडीची विळी बसवलेली. बाकी काही नाही. ना रंग, ना दिवा, ना तक्ता. मी विचारले, “हे काय ग?” ती म्हणाली, “सर, इळी हाय. आजीची.” मी विचारले, “कुठल्या पुस्तकातून घेतलेस?” ती गप्प राहिली. मग मी शेजारच्या टेबलाकडे वळलो. तिथे थर्मोकोलचे धरण होते, त्यातून निळे पाणी पडत होते आणि बटण दाबले की चार दिवे लागत होते. पहिला क्रमांक मी धरणाला दिला. संध्याकाळी ती मुलगी फळी डोक्यावर घेऊन घरी गेली.

पुढे मार्चात ती गणितात नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसली नाही. खेड्यात असे पुष्कळदा होते आणि आपणही ‘अभ्यासात ढ होती’ असे म्हणून मोकळे होतो.

काही वर्षांनी तिच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. चहाला म्हणून तिच्या आईने घरात नेले, तर स्वयंपाकघरात तीच फळी! बसून बसून गुळगुळीत झालेली. आजी राहिली नव्हती. आता तिच्यावर आई बसत होती. तेव्हा मी पहिल्यांदा नीट चौकशी केली. आजीचे गुडघे गेले होते. खाली बसवेना, आणि विळीवर चिरल्याशिवाय तिला चैन पडेना. सुरीने चिरणे म्हणजे तिच्या मते पाहुण्यांचे काम! मग नातीने एक पालथे खोके आजीच्या खुर्चीपुढे ठेवले आणि वर विळी ठेवली. ती सरकू लागली, कारण विळी पायाने दाबून धरायची असते आणि पाय तर खाली राहिला. मग तिने विळी खोक्याला खिळ्यांनी ठोकली आणि खोक्यात दगड भरले. सरकायची थांबली, पण गुडघे खोक्याला अडू लागले आणि आजीला वाकावे लागे. पाठ दुखू लागली. तिसऱ्या खेपेस तिला सुचले की, खोवणीवर आपण बसतो म्हणून ती हलत नाही. तशी लांब फळी घ्यावी, मागे आजीने बसावे, पुढे विळी असावी, म्हणजे आजीचे वजनच विळीला धरून ठेवील. फळी किती उंच हवी? तिने आजीच्या गुडघ्यामागपासून जमिनीपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि त्या मापाचे पाय सुताराकडून कापून आणले. धाकटा भाऊ रांगत होता म्हणून विळी मिटणारीच ठेवली.

मला यातले काही ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. मी फक्त पुस्तकाचे नाव विचारले होते.

आता इंग्लंडची गोष्ट ऐका. माझा एक भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. निवृत्त झाल्यावर मी त्याच्याकडे तीन महिने राहून आलो. त्याचा मुलगा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. तिकडे सोळा ते अठरा या वयात मुले बहुधा तीनच विषय घेतात आणि दोन वर्षे तेवढ्यांचाच कसून अभ्यास करतात. ह्या परीक्षेला ए-लेव्हल म्हणतात. माझ्या नातवाचे विषय होते गणित, पदार्थविज्ञान आणि प्रॉडक्ट डिझाइन. मी म्हटले, “अरे, सुतारकाम का?” तो हसून म्हणाला, “आजोबा, सुतारकाम त्यात आहे, पण सुतारकाम म्हणजे तो विषय नाही.”

त्याचे म्हणणे मला समजायला पंधरा दिवस लागले.

या विषयाचे सध्याचे रूप तिकडे २०१७ साली सुरू झाले आणि त्याची पहिली परीक्षा २०१९ साली झाली. निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे गुण मुलाने स्वतः वर्षभर केलेल्या एका कामाला. हे काम कोणते करायचे ते शिक्षक सांगत नाहीत, मंडळही सांगत नाही. मुलाने स्वतः एखादा खरा माणूस आणि त्याची खरी अडचण शोधायची.

माझ्या नातवाने आधी ठरवले की, आपण एक सुंदर दिवा करावा. चित्रही झकास काढले. शिक्षकांनी ते पाहिले आणि एवढेच विचारले, “हा कोणी मागितला?” नातू निरुत्तर झाला. श्रोतेहो, हा प्रश्न ध्यानात ठेवा. मी विचारलेल्या प्रश्नापेक्षा तो किती वेगळा आहे पाहा. मी विचारले, कुठून घेतलेस? त्यांनी विचारले, कोणासाठी करतोस?

शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहत होत्या. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकली होती. नातू दोन संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. ‘तुम्हांला काय करून देऊ?’ असे त्याने विचारले नाही. नुसते पाहिले आणि वहीत टिपले. त्याच्या ध्यानात आले की, बाई विजेचे प्लग कधी काढीतच नाहीत, आणि काढायचाच झाला तर वायर धरून ओढतात. तिकडचा प्लग तीन चौकोनी पिनांचा, चांगला घट्ट बसणारा असतो. वाकलेल्या बोटांना तो निघत नाही. वायर ओढून ओढून एके ठिकाणी तिचे आवरण फाटायला आले होते. झाले, काम सापडले.

मग त्याने बाजारात मिळणाऱ्या तशा वस्तू आणून पाहिल्या आणि त्या बाईंना का जमत नाहीत ते लिहिले. नंतर आपल्या वस्तूने काय काय केले पाहिजे याची यादी केली. ‘सोयीची असावी’ असले मोघम त्यात चालत नाही. बाईंची चार बोटे आत गेली पाहिजेत. ओढायला किती जोर लागतो तो प्रयोगशाळेतल्या ताणकाट्याने मोजायचा, बाईंना किती जोर लावता येतो तोही मोजायचा. जे पदार्थ वीज वाहून नेतात ते वापरायचे नाहीत. बाईंना ती दुसऱ्याच्या मदतीवाचून बसवता आली पाहिजे. प्रत्येक कलम असे की, शेवटी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता यावे.

मग घडण सुरू झाली. आधी पुठ्ठ्याची, मग स्पंजाची, मग थ्री-डी प्रिंटरवर. हा प्रिंटर म्हणजे प्लॅस्टिकचा तंतू वितळवून थरावर थर देत वस्तू उभी करणारे यंत्र. प्लगभोवती बसणारा पट्टा आणि त्याला बोटे घालायची कडी, अशी कल्पना. पहिली कडी प्लगच्या बाजूला निघाली होती. ती शेजारच्या प्लगला अडू लागली. दुसरी कडी वर काढली, तर तिकडे प्लगच्या वरच बटण असते. ते झाकले गेले. तिसरी सरळ समोर, माणसाच्या हाताकडे काढली, आणि मागे खुर्ची सरकली तर मोडू नये म्हणून ती लवचीक रबराची केली. ही मात्र जमली. बाईंनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने प्लग काढला, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

परंतु निजायच्या खोलीत पलंगामागे एक प्लग होता, तिथे हातच पोहोचत नव्हता. नातू घरी येऊन म्हणाला, “हे लिहू नये असे वाटते. गुण जातील.” दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी त्याला सांगितले, हे लिहिलेस तरच गुण मिळतील.

इथे मी थबकलो. त्याच्या मंडळाची गुणांची वाटणी मागून घेतली. या कामाला एकंदर १०० गुण. त्यांतले २० अडचण शोधण्याला, १० ती नेमक्या शब्दांत मांडण्याला, २५ निरनिराळ्या कल्पना करून त्या वाढवण्याला, २५ नमुना प्रत्यक्ष बनवण्याला आणि २० त्याची पारख करण्याला. म्हणजे पाहा, हातात येणाऱ्या वस्तूला पाव हिस्सा! बाकीचे सारे गुण तिच्या मागच्या विचाराला, आणि त्या विचारात फसलेले दोन प्रयत्नही आले. आपल्याकडे वहीत खाडाखोड दिसली की आपण लाल रेघ ओढतो. त्या विषयात खाडाखोड हाच अभ्यास असतो. फक्त ती का केली ते लिहावे लागते.

निम्म्या गुणांची लेखी परीक्षा आहे, तिच्यातही उथळपणा नाही. त्याच्या मंडळाचे दोन पेपर होते, एक अडीच तासांचा आणि एक दीड तासाचा. लाकूड, धातू, प्लॅस्टिक यांचे गुणधर्म. कारखान्यात वस्तू कशा होतात. वस्तू मोडल्यावर तिचे पुढे काय करायचे. हे सगळे त्यांत येते. लेखी परीक्षेतले निदान १५ टक्के गुण गणिताला असतात. तेही कसे गणित? एका पत्र्यातून किती तुकडे निघतील आणि किती पत्रा वाया जाईल, असले.

त्यातला एक भाग तर प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांनी शिकावा असा आहे. माणसांच्या शरीराची मापे. समजा शंभर माणसे उंचीप्रमाणे ओळीत उभी केली. वस्तू करताना साधारणतः पाचव्या माणसापासून पंच्याण्णवाव्यापर्यंत सर्वांना ती सोयीची पडावी असे पाहतात. ‘सरासरी माणूस’ धरून चालत नाहीत, कारण सरासरी उंचीचा दरवाजा केला तर निम्म्या लोकांचे कपाळ फुटेल! दरवाजा उंच माणसासाठी करावा, आणि फळी बुटक्या माणसाचा हात पोहोचेल अशी लावावी. आता आपल्या शाळेतल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीकडे पाहा. तोटी कोणाच्या उंचीची आहे? पहिलीतल्या मुलाच्या की गवंड्याच्या? आणि आजीच्या गुडघ्यामागे सुतळी धरून गाठ मारणाऱ्या मुलीला आपण गणितात नापास केले, हे मला तिथे परमुलखात बसून आठवले. शेजारच्या बाईंची बोटे मोजणारा माझा नातू आणि ती मुलगी, दोघे एकाच इयत्तेत बसलेले होते. एकाला त्याचे गुण मिळत होते, दुसरीला मिळाले नाहीत.

कोणी म्हणेल, ही साहेबाची थेरे. आमच्या खेड्याला त्यांचा काय उपयोग? म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो.

पहिली तांब्याची. नातवाच्या अभ्यासक्रमात नामांकित रचनाकारांची ओळख होती. त्यांत चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपे होते. त्यांच्या खुर्च्या जगभर प्रसिद्ध आहेत. भारत सरकारच्या बोलावण्यावरून हे दोघे आपल्या देशात हिंडले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. इतक्या वस्तू पाहून त्यांचे मन बसले ते कशावर? आपल्या साध्या तांब्यावर. तो रिकामा असताना आणि भरलेला असताना तोल कुठे राहतो, कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा, किती पाणी मावते, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, मोडीत घातला तर काय येते, असे किती तरी प्रश्न त्यांनी त्यात मांडले. एका माणसाने तांब्या घडवला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी आणि घडवणाऱ्यांनी मिळून तो सुधारला. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. म्हणजे, मंडळी, आपल्या देशात या शास्त्राच्या पहिल्या मोठ्या शाळेच्या पायात एक तांब्या आहे.

दुसरी गोष्ट हापशाची. तो तर तुमच्यापैकी पुष्कळांनी हातात धरलेला आहे. १९६० नंतरच्या दुष्काळांत आपल्याकडे कातळात विंधनविहिरी घेण्यात आल्या. त्यांच्यावर जे बिडाचे पंप बसवले ते परदेशातल्या एखाद्या कुटुंबाच्या परसातील पंपाच्या धर्तीचे होते. घरातली पाचसात माणसे वापरतील या हिशेबाने केलेला पंप, आणि इथे त्याच्यापुढे सबंध गावाची रांग! सांधे झिजत, दांडे मोडत, आणि विहिरीत पाणी असून गाव कोरडे राही. ‘लोक नीट वापरीत नाहीत’ असे म्हणणे सोपे होते. परंतु आपल्या जालन्याला आणि सोलापूरला पाण्याच्या कामात पडलेल्या काही मंडळींनी लोकांना बोल लावला नाही. त्यांनी पंप बदलला. बिडाऐवजी पोलाद घेतले, अनेक सांध्यांच्या जागी एकच भक्कम आस ठेवला, आणि सोलापूरच्या पंपात दांडा व आतली सळई यांच्यामध्ये साखळी घातली. त्यामुळे सळई सरळ वरखाली होऊ लागली आणि झीज कमी झाली. याच सोलापुरी पंपाचा आधार घेऊन १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफ, सरकार आणि तेव्हाच्या मद्रासमधला एक सरकारी कारखाना यांनी मिळून पुढचा पंप तयार केला. कोइमतूर भागात त्याला खूप राबवून पाहिले आणि मग तो देशभर गेला. तोच ‘इंडिया मार्क टू’. पुढे तो परदेशांतही गेला.

आणि गंमत अशी की, काम तिथेही संपले नाही. मार्क टूमध्ये खोल पाण्यातल्या दट्ट्याचा वायसर बदलायचा तर सगळे पाइप वर उपसावे लागत. त्याला अवजारे हवीत, माणसे हवीत, तालुक्याहून गाडी यायला हवी. म्हणून मार्क थ्री निघाला. त्यात पाइप रुंद केला, म्हणजे दट्ट्या पाइपातूनच वर ओढून काढता येतो आणि गावातला माणूस दुरुस्ती करू शकतो. पहिले खोके सरकले, दुसऱ्याने पाठ दुखली, तिसऱ्या खेपेस फळी झाली. तीच ही रीत. विळी असो की हापसा, रीत एकच.

तेव्हा ही विद्या परकी नाही. आपल्या सुताराला, लोहाराला, कुंभाराला ती येते. पाभरीचा फण कोणत्या रानात किती खोल जावा हे लोहार आजही शेतकऱ्याला विचारून ठरवतो. आपल्याकडे घोटाळा एवढाच झाला की, ज्याच्या हातात कसब त्याच्या हातात लेखणी नाही, आणि ज्याच्या हातात लेखणी तो कसबाला हलके मानतो. हात आणि लेखणी यांच्यामध्ये आपण भिंत बांधली, आणि तिला जातीचा गिलावा केला. ही भिंत पाडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवावर भर दिला. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे १९८३ साली डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला आणि आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करीत शिकावे असा अभ्यासक्रम घडवला. तो राज्यातल्या अनेक शाळांनी घेतला. पण आपल्या बहुतेक शाळांत कार्यानुभवाचा तास कसा जातो, हे तुम्हांआम्हां शिक्षकांना वेगळे सांगायला नको. मण्यांचे तोरण होते, वही तपासली जाते आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला दिला जातो. मीही दिला आहे.

इंग्लंडात सगळे गोडच आहे, असेही समजू नका. घडणीचा आणि तंत्रज्ञानाचा विषय तिथे १९९० साली सर्व मुलांना सक्तीचा झाला होता. २००४ पासून चौदा वर्षांपुढील मुलांना तो सक्तीचा राहिला नाही आणि नंतर तो घेणारी मुले कमी होत गेली. कार्यशाळा चालवायला खर्च येतो, शिक्षक मिळत नाहीत. भिंत तिकडेही आहेच.

मग आपण काय करावे? नव्या विषयाची, नव्या इमारतीची, सरकारी परिपत्रकाची वाट पाहायची का? माझे मत विचाराल तर, नाही. दहावीच्या किंवा बारावीच्या वर्गात, आहे त्या शाळेत, चार गोष्टी करता येतात आणि त्यांना एक वही पुरते.

पहिली गोष्ट. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला सांगा की, घरात किंवा वस्तीत एक माणूस निवड आणि आठ दिवस त्याच्याकडे नुसते पाहा. पाणी भरणारी आई, दूध काढणारा चुलता, एका हाताने अधू असलेला शेजारी. तो कुठे अडतो, कुठे वाकतो, कुठे थांबून कमरेवर हात ठेवतो, ते लिही. उपाय मात्र इतक्यात सुचवू नको.

दुसरी गोष्ट. अडचण एका वाक्यात लिहायला लावा, आणि वस्तूने काय केले पाहिजे याची पाच कलमे. कलम मोजता येण्यासारखे हवे. ‘हलकी हवी’ हे चालणार नाही. ‘भरल्यावर पाच किलोपेक्षा जड नको’ हे चालेल. गणिताच्या गुरुजींनी हा तास घ्यावा. मुलांना आपले गणित कशाला लागते, हे त्यांनाही पाहायला मिळेल.

तिसरी गोष्ट. निदान तीन प्रयत्न. पुठ्ठा, बांबू, सुतळी, चिखल, जुने डबे, जे मिळेल त्याचे. एक दिवस गावातल्या सुताराला किंवा लोहाराला वर्गात बोलवा, खुर्ची द्या, आणि मुलांचे नमुने त्यांच्यापुढे ठेवा. ते दोन मिनिटांत सांगतील की हा सांधा टिकणार नाही. त्यांना मुलांनी ‘सर’ म्हणावे. त्याने तुमचे-माझे काही कमी होत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वस्तू ज्याच्यासाठी केली त्याच्या हातात ती द्यावी, आठ दिवस वापरू द्यावी, आणि तो काय म्हणाला ते जसेच्या तसे लिहावे. निकाल त्याचा, आपला नाही. आणि गुण देताना, जो मुलगा ‘माझी वस्तू अमक्या कारणाने जमली नाही’ असे खरेपणाने लिहील, त्याचे गुण कापू नका.

हे केल्याने नोकऱ्या मिळतील का, असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. या विद्येचे उच्च शिक्षण आपल्या देशात आहे. अहमदाबादची संस्था मी सांगितलीच, मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये १९६९ पासून औद्योगिक रचनेचे केंद्र चालू आहे. बारावीनंतर अशा अभ्यासक्रमांसाठी २०१५ पासून ‘यूसीड’ नावाची प्रवेशपरीक्षा घेतली जाते; तिला कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेच्या मुलाला बसता येते. खेड्यातल्या मुलांना हे ठाऊकच नसते, म्हणून मुद्दाम सांगितले. पण सर्वच मुले तिथे जाणार नाहीत, आणि तेवढ्याचसाठी हे शिकावे असे माझे म्हणणेही नाही. जो मुलगा एकदा अशी वही भरील, तो उद्या सरपंच झाला तर पाण्याची टाकी बांधण्यापूर्वी तोटी कोणाच्या उंचीची हवी हे विचारील. शेतकरी झाला तर दुकानदार देईल ते अवजार मुकाट घेणार नाही. शिक्षक झाला, तर मी केली ती चूक करणार नाही.

त्या मुलीच्या कामात काय कमी होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माणूस तिने पाहिला होता. अडचण ओळखली होती. तीनदा करून पाहिले होते, मोजून केले होते, आणि आजीने वर्षानुवर्षे वापरून निकालही दिला होता. कमी होती ती एवढीच, की यातले काही लिहिलेले नव्हते. आणि ते लिहून घेणे हे तिचे काम नव्हते, श्रोतेहो. ते माझे होते.

त्या लग्नाच्या दिवशी ती माहेरी आलेली होती. चहा तिनेच आणून दिला. मी फळीवरून हात फिरवून म्हटले, “त्या वर्षी पहिला नंबर हिचा होता. मी चुकलो.” ती हसली आणि म्हणाली, “सर, आता तिचा मागचा पाय हलतोय. पाचर मारून बघितली, पण राहत नाही. काय करावं?”

मी पिशवीतली वही काढली, आणि तिला म्हटले, “सांग, मी लिहून घेतो.”